साळुंकीला पाणी कोणी पाजलं

बाळांनो, साळुंकीची गोष्ट तुम्ही माझ्याकडून कितीदा तरी ऐकली आहे — शर्यत जिंकून मग कोसळलेली घोडी. पण ती मी आजवर एकदाही पूर्ण सांगितलेली नाही. कोणालाच नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

ठाऊक असलेला भाग असा. बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. मी लग्न होऊन नवीन आले होते आणि मंगरूळपीरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. गावाहून तिथे रोज न्यायला-आणायला घरचा टांगा होता. माझे धाकटे दीर, गणपतभावजी, तो हाकायचे, साळुंकी ओढायची. बुटकी, पोट सुटलेली, एक कान फाटका. शेलूबाजारच्या माळावर टांग्यांच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरवली तेव्हा कोणीतरी ओरडलं, "काहून रे गनप्या, गाय जुपून आनली काय?" — आणि ती जिंकली. मग जिंकतच राहिली.

तिच्यासाठी भावजींनी दारू सोडली होती. हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही त्यांना 'दारुडे आजोबा' म्हणूनच ओळखता — हो ना?

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठरवलं होतं: ही एक शर्यत जिंकली की अकोल्याचा व्यापारी घोडी नेणार. आणि टांगा बंद म्हणजे माझी शाळा बंद. "सुनेनं लय शिकवलं आता," एवढंच ते म्हणाले. जिंकली तर जाणार. हरली तर राहणार. घोडीवरच्या मायेपोटी केलं, असं मला इथे लिहिता आलं असतं. लिहू? नाही. मला शाळा हवी होती.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून घोडीचं पाणी तोडतात. भरल्या पोटी धावली तर तिचा दम कोंडतो. भावजी तिच्याजवळून हलत नव्हते. मीच म्हणाले, "भावजी, चहा घेऊन या. मी थांबते." ते गेले. मी बादली भरली. माझ्या हातचं ती काहीही घ्यायची — तोंड घातलं आणि बादली रिकामी केली. मी दुसरी आणली. दुसरी कशाला? एकीने भागलं नाही तर, म्हणून. मग मी बायकांत जाऊन बसले.

अर्ध्या वाटेत ती मागे पडली. मला सुटल्यासारखं झालं. आणि मग — भावजींनी चाबूक उचललाही नव्हता — तिने मान खाली घातली आणि एकेक टांगा मागे टाकत गेली. कशाच्या बळावर? मला आजही सांगता येत नाही. जिंकली. थोडी चालली आणि गुडघ्यांवर आली. पोट फुगलेलं, नाकाशी फेस.

"पानी कोनं पाजलं?" मामंजी ओरडले. "घोडीपाशी कोन होतं?"

"म्या चा प्याले गेलतो," भावजी म्हणाले. "वयनी होत्या ना."

सगळे माझ्याकडे वळले.

"मी नव्हते तिथे," मी म्हणाले. शांतपणे. वर्गात हजेरी घ्यावी तशी.

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, "नसन. मलेच भास झाला असन."

"पेल्यावर होतेच भास!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी चाबूक भावजींच्या पाठीवर ओढला. मी पाहत होते.

साळुंकी वाचली. दम मात्र कायमचा गेला. व्यापारी आल्या पावली परतला. म्हणजे मला हवं होतं तेच झालं. टांगा राहिला, शाळा राहिली. भावजींची दारू परत आली. सकाळी मात्र ते शुद्धीत असत, मला रोज वेळेवर पोचवत.

नाला ओलांडून चढ लागला की साळुंकीचा श्वास घरघरायचा. भावजी लगेच खाली उतरायचे. तेवढंच ओझं कमी, म्हणून तिच्या मानेवर हात ठेवून चढभर पायी चालायचे.

मी बसून राहायची.