सहा तारा आणि एक लांब स्क्रू-ड्रायव्हर

फिटरने गिटार हातात घेतली तेव्हा त्याला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि बोटांना टोचणं-भाजणं कळेनासं होऊन तीस. गिटार शिकवणाऱ्या भाचीने पहिल्याच दिवशी त्याची बोटं उलटी करून पाहिली. इतरांना असे घट्टे पडायला तीन महिने लागतात, मामा, तुझे तयारच आहेत, असं ती म्हणाली. निम्मं काम उरकलं असं फिटरला वाटलं. तिथेच त्याचं चुकलं.

शिकायचं होतं एकच गाणं. जुनं इंग्रजी कंट्री-रॉक, एकेकाळी रेडिओवर दिवसातून चारदा लागणारं. वर्कशॉपमध्ये ते आणलं भोंग्याने. भोंगा म्हणजे लोखंड ठोकणाऱ्या पॉवर हॅमरवरचा गडी, फिटरचा जेवणाच्या डब्याचा जोडीदार. आवाज असा, की सुट्टीचा भोंगा बंद पडला तरी कुणाचं अडत नसे. तो टूलबॉक्सवर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि टेपच्या वरताण गायचा. जे शब्द कळत नसत तिथे फोरमनचं नाव घालायचा. ते चालीत बसायचंही.

आता भोंग्याला ऐकू येत नव्हतं. कानाच्या यंत्रातून माणसाचं बोलणं कसंबसं पोचे, पण गाणं लावलं की पत्र्यावर खडी ओतल्यासारखं होई. उरलंसुरलंही वर्षभरात जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भोंग्याच्या सुनेने हे फिटरला जिन्यात सांगितलं. त्या दिवशी फिटर जेवला नाही.

त्याला कारण होतं. भोंगा कामावर नवा होता तेव्हा कानात कापसाचे बोळे घालून हॅमरवर उभा राहिला होता. फिटर त्याला सीनियर. सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, बाळाला वारं लागतं का?" लोक हसले. भोंग्याने बोळे काढून फेकले ते कायमचे. फिटरचं स्वतःचं कामाचं बाक मात्र शेडच्या दुसऱ्या टोकाला होतं. त्याचे कान शाबूत राहिले. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

त्याच्या डोक्यात एक युक्ती होती. बेअरिंग तपासायचं तर फिटर लोक लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडावर. शेडमध्ये कितीही गोंगाट असो, आतलं बेअरिंग नीट सांगतं काय दुखतंय ते. भोंगाही आपल्या हॅमरचं दुखणं असंच ओळखायचा. गिटार म्हणजे पोकळ लाकूड. लाकडातून हाडात. हवेचं कामच नाही.

पण आधी वाजवता यायला हवं होतं.

पहिल्या आठवड्यात तार झिणझिणली. मशीन झिणझिणलं म्हणजे काहीतरी ढिलं आहे, हे त्याचं चाळीस वर्षांचं ज्ञान. त्याने खुंटी आवळली. तरी झिणझिणली, अजून आवळली. तार तुटून गालावर बसली.

"मामा, नट नाहीये हा," भाची म्हणाली. बोट तारांखालच्या धातूच्या पट्टीपासून लांब पडत होतं, एवढंच.

खुंट्यांचा नाद सुटला, मग तो बोटांनी आवळू लागला. जास्त दाबलं की तार ताणते आणि सूर चढतो. भाची रोज सांगायची, अलगद धर. तो रोज म्हणायचा, ढिलं काम मी कधी केलेलं नाही.

काम मात्र केलं. रोज सकाळी दोन तास. जी कॉर्डवरून डीवर, डीवरून सीवर, दोनशे वेळा, मग चहा, मग परत दोनशे. एक आठवडा नुसता उजवा हात. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, या लाकडी सवतीला जरा भिंतीकडे तोंड करून वाजवा. मला तिचं रडणं बघवत नाही." पण तो एक दिवस चुकला तेव्हा, आज सुट्टी का, असं तिनेच विचारलं.

अडलं ते एफ कॉर्डवर. त्यात पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं आणि बाकीच्या बोटांनी आपापली कामं करायची. गाण्यात तो दोनदा येतो आणि दोन्ही वेळा फिटरची गाडी रुळावरून उतरायची. पाच महिने झाले. भोंग्याच्या सुनेने परत सांगितलं, आता डाव्या कानाचं यंत्र काढूनच ठेवलंय. फिटर एफ न येताच निघाला.

गिटार बघून भोंग्याचा चेहरा उतरला. थट्टा करतोस का लेका, माझ्या कानात काही शिरत नाही, असं तो ओरडला. खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला. फिटरने लांब स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला. भोंग्याने तो वजनावरूनच ओळखला. मग त्याने उजव्या कानाचं यंत्रही काढलं, टोक गिटारवर टेकवलं, मूठ हाडावर, आणि डोळे मिटले.

फिटरने वाजवलं. एफ आला, गाडी उतरली.

भोंग्याने हात वर केला. "थांब. त्या एका जागी घासतंय. आवळतोयस तू."

पाच महिने भाची हेच सांगत होती. पण भोंग्याने ते हाडाने पकडलं होतं, आणि त्याने सांगितलेलं बेअरिंग कधी चुकलेलं नव्हतं. फिटरने बोट सैल केलं. इतकं, की त्याला लाजच वाटली. एफ वाजला. पूर्ण नाही, सहातल्या पाच तारा. पण गाडी पुढे गेली.

दुसऱ्या कडव्याला भोंगा गाऊ लागला. मोठ्याने, बेसूर, अर्धा ठोका मागे. फोरमनचं नाव बरोबर जागेवर पडलं. सून दारात येऊन उभी राहिली.

गाणं संपलं तशी फिटरने मान खाली घातली. "त्या कापसाचं मी तेव्हा..." तो म्हणाला. मग तेवढंच परत, जरा मोठ्याने.

भोंग्याने डोळे उघडले तेव्हा त्याला फक्त ओठ हलताना दिसले. यंत्र टेबलावर पडलं होतं. स्क्रू-ड्रायव्हर अजून गिटारवरच होता.

"बडबडू नकोस," तो म्हणाला. "यातून बोलणं येत नाही. परत वाजव. आणि तो सहावा आवाज कुठे गेला तेवढं बघ."

फिटरने बोट परत आडवं ठेवलं. अलगद.