वैशाखातला बर्फ

आमच्या ह्यांनी हिमालय पाहिला तो कॅलेंडरवर. घोडबंदरच्या किल्ल्याच्या टेकडीपेक्षा उंच काही ते आयुष्यात चढले नव्हते, आणि तीही चढताना निम्म्यात बसून पाणी मागितलं होतं. पण दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कॅलेंडरवरचा तो लाकडी लॉज, भोवती पांढऱ्याशुभ्र राशी, त्यांच्या डोक्यात शिरला आणि भाईंदरच्या एका मिठागराचा मालक रहस्यकादंबरीकार झाला. पुस्तकावर आपलं नाव छापलेलं बघायचं, एवढी एकच इच्छा. ती त्यांनी इतक्यांदा सांगितली की मलाच पाठ झाली.

संध्याकाळी काम सुटलं की ते ओटीवर बसून लिहिलेलं वाचायचे. मिठागरावरचा मुकादम, पाच-सहा मजूर आणि तांदूळ निवडणारी मी, असा आमचा रसिकवर्ग. कथेतल्या लॉजवर डझनभर पाहुणे शेकोटीपुढे बसून सदानकदा चहा प्यायचे.

"एवढ्यांचा चहा करतंय तरी कोण?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी एक आचारी घातला आणि लगेच त्याचा खून पाडला. मी काय तो बोध घेतला.

मग पुरावा हवा झाला. बर्फात खुन्याचं पाऊल उमटलं, करंगळी नसलेलं. अनवाणीच, कारण मिठाच्या राशीवर चपला घालून चढलेला माणूस आमच्यात कोणी पाहिला नव्हता. पण गुप्तहेर यायचा दसऱ्याला; वैशाखात उमटलेलं पाऊल तोपर्यंत टिकवायचं कसं, इथे घोडं अडलं.

मुकादम म्हणाला, "त्यात काय हाय? पावसाच्या आधी राशीवर पेंढा घालतील न्हाय का?"

ह्यांनी त्याला मिठी मारायचीच काय ती बाकी ठेवली. लॉजच्या मॅनेजरनं बर्फ पेंढ्यानं शाकारला, पाऊस सरल्यावर गुप्तहेरानं पेंढा उचलला आणि खाली पाऊल जसंच्या तसं! आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. बर्फ वितळतो हे आम्हां शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. मी तर मुंबईतल्या एका लग्नात बर्फ घातलेलं सरबत प्यालेली बाई.

शेवटचं प्रकरण ह्यांनी कुणालाच ऐकवलं नाही. ते म्हणे छापील पुस्तकातून वाचायचं होतं. मला जरीकाठी नेसायला लावून ते गिरगावातल्या एका प्रकाशकाकडे घेऊन गेले. प्रकाशक पानं उलटता उलटता इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"कागदाची टंचाई आहे हो," ते म्हणाले, "नाहीतर विनोदी म्हणून छापली असती. बर्फावर पेंढा!"

ह्यांनी कागद रुमालात बांधायला घेतले. गाठ बसेना, म्हणून मी बांधून दिली. त्या माणसाचा मला असा संताप आला! ह्यांना हसायचा मक्ता लग्नापासून माझा होता. या परक्याला तो दिला कोणी?

त्यानंतर हे संध्याकाळी ओटीवर फिरकेनात. "संपलं ते," एवढंच म्हणाले. इकडे मुकादम रोज दारात हजर.

"वहिनी, खुनी कोन हाय त्यो तरी सांगा."

शेवटी मीच रुमाल सोडला, पदर सावरला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. 'बर्फ' आला की 'मीठ' म्हणायचं, लॉजच्या जागी मिठागरावरची खोपी, मॅनेजरच्या जागी मुकादम. अनवाणी पाऊल, पेंढा, दसरा, यात मात्र मला एक अक्षर बदलावं लागलं नाही. हे आत दाराआड उभे होते. खोकला दाबल्याचं मला ऐकू येत होतं.

चार संध्याकाळी वाचन चाललं. शेवटी खुनी मुकादमच निघाला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा आमच्या मुकादमाच्या पायांकडे गेल्या आणि त्या बिचाऱ्यानं दहाही बोटं असलेले पाय धोतरात ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी मिठागरावरच्या मागच्या राशीकडे एकटं जायला कोणी तयार होईना. काम खोळंबलं म्हणून ह्यांनी बांधावर उभं राहून सगळ्यांच्या नावानं खूप आरडाओरडा केला. इतकं खूश मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.