माझ्या बाजूचं बटन

ओजस, रेवा,

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, तुमच्या आजोबांनाही नाही — आणि त्यांना आता सांगता येणार नाही. मागच्या रविवारी ओजस फोनवर म्हणाला, त्याची नवी गाडी त्याच्या फोनशिवाय सुरूच होत नाही. आणि मग, "आजी, आजोबांच्या जीपसारखं डुप्लिकेट बटन नाहीये हं हे!" सगळे हसले. मीही हसले. फोन ठेवला आणि मला जेवण गेलं नाही.

आपल्या घरात ती गोष्ट विनोद म्हणून सांगतात. ती विनोदाची नाही. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं — जन्मभर कॉलेजात तेच शिकवलं, त्या भाषेत मला नीटनेटकं लपता येतं. म्हणून मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी हळू वाचावं लागतं. हळूच वाचा.

आम्ही अमरावतीत होतो. सलग काही वर्षं कापूस हातचा गेला होता. माणसं भडकलेली असत. बसमध्ये जागेवरून डोकी फुटत. गाड्याही चोरीला जात. म्हणून आजोबांनी आपल्या पांढऱ्या जीपला चोर-बटन बसवून घेतलं. परतवाड्याच्या बसस्टँडमागे रहीमभाईंचं बॅटरी-वायरिंगचं दुकान होतं, त्यांच्याकडून. बटन दाबलं की करंट तुटे. मग चावी फिरवा की वायरी जोडा, गाडी ढिम्म हलत नसे. चोर ड्रायव्हरच्या बाजूला शोधतात, म्हणून रहीमभाईंनी ते डाव्या सीटखाली लावलं. माझ्या पायाशी. आणि हात पुसत आजोबांना म्हणाले, "सायेब, तुमी भुलसान. ताई नाई भुलनार."

"हिच्या तर तिखटाच्या बरणीवरही तारीख असते, रहीमभाई!" आजोबा म्हणाले.

मला ते आवडलं. किती आवडलं, ते पुढे कळेल. बटन कुठे आहे हे तिघांनाच माहीत होतं — आजोबा, मी आणि रहीमभाई. उतरताना वाकून ते दाबायचं, हे माझं काम.

त्या वर्षी परतवाड्यालाच नात्यातलं एक लग्न होतं. मी कडक इस्त्रीची, खळ दिलेली मोरपंखी साडी नेसले होते. मंगल कार्यालयासमोर जीप थांबली. दारात बायका उभ्या होत्या, बघत होत्या. वाकले असते तर निऱ्या चुरगळल्या असत्या — बस, एवढंच. मी वाकले नाही. सरळ उतरले. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी.

जेवणं उरकून बाहेर आलो तर जीप नव्हती.

आजोबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "बटन दाबलं होतंस ना?"

मी म्हणाले, "हो."

ते खोटं ठरवून बोलले असं नाही. पण तोंडातून निघालेला तो शब्द परत घ्यायला वेळ होता. भरपूर वेळ होता. माझ्या डोळ्यांदेखत त्या एका शब्दाचा हिशेब मांडला जात होता — बटन दाबलेलं, म्हणजे गाडी नेणाऱ्याला बटन ठाऊक होतं, ठाऊक कुणाला? आजोबा पोलीस ठाण्यात गेले. जाताना पुतण्याला, विलासला म्हणाले, काकूला घरी सोड. विलासच्या गाडीत आणखी तिघं बसले. बसस्टँडमागे त्याने गाडी थांबवली. "दोन मिनिटं काकू. त्याले फक्त इचारतो."

रहीमभाई बाकावर बॅटरी उघडून बसले होते. विलासने काहीही विचारलं नाही. पहिली लाथ बाकाला बसली, बॅटरी आडवी झाली, आतलं तेजाबाचं पाणी त्यांच्या मांडीवर सांडलं. ते ओरडत उठले तर एकाने मागून केस धरले आणि तोंड शटरवर आपटलं. दोनदा. पत्र्याचा तो आवाज — मी अजून दुकानाचं शटर पडताना कान झाकते. नाकातून रक्त दाढीत उतरलं. आजूबाजूची दुकानं बघत राहिली. कुणीतरी म्हणालं, "चोर हाय, चोर." मग तिथे ज्यांची गाडी गेली नव्हती तेही मारायला आले. त्यांचं काय गेलं होतं? आणि रहीमभाईंचं नाव दुसरं काही असतं, तर ते हात इतक्या लवकर उठले असते का?

मग विलासबरोबरच्या तिघांनी रहीमभाईंचा उजवा हात बाकावर धरला. विलासच्या हातात जॅकचा दांडा होता.

रहीमभाईंना मी गाडीत दिसले. "ताई! ओ ताई! तुमी तं सांगा ना याइले! मी काहून नेऊ जीप?"

मी वीस फुटांवर होते. एक वाक्य पुरलं असतं — बटन मी दाबलंच नव्हतं. विलास माझा शब्द मोडत नसे. रहीमभाई माझ्याकडे बघत होते, आणि मी — मी हँडल फिरवून काच वर केली.

दांडा तीनदा पडला. काचेतूनही ऐकू आला.

घरी येईपर्यंत मी निऱ्या हातात धरून बसले होते.

काही आठवड्यांनी जीप बाळापूरजवळ सापडली. चोरही सापडला, कुठला कोण. पोलिसांना तो म्हणाला, कसलं बटन? वायरी जोडल्या, गाडी सुरू झाली. आता तरी? आता तरी बोलायचं होतं ना? पण घरात लगेच ठरलं — म्हणजे त्या रहीमचं बटनच डुप्लिकेट होतं. सगळे हसले. चोरीचा आळ गेला आणि त्यांच्या हातच्या कामाचं नाव गेलं. दुकानाला गिऱ्हाईक राहिलं नाही. मी तेही चालू दिलं. इतकी वर्षं, प्रत्येक दिवाळीत, तुमच्यासमोर.

आजोबा तेव्हा हसले नव्हते. त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. फक्त ते बटन काढून त्यांनी स्वतःच्या बाजूला लावून घेतलं.

तुम्ही येता तेव्हा नागपूरला विमानतळावर घ्यायला येतो तो विलासमामा. त्याने मारलं. पण त्याला चोर दाखवला तो मी. तो त्या दिवशी खरं समजून मारत होता. खरं काय ते ठाऊक असलेली एकच व्यक्ती तिथे होती, आणि तिने काच वर केली.

हे वाचून तुम्ही मला काही लिहावं, असं नाही.

रहीमभाई आहेत. परतवाड्यातच आहेत. उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत; सोल्डरिंग डाव्या हाताने करतात. मोरपंखी साडीही आहे, कपाटात, वरून दुसऱ्या खणात. तिच्या निऱ्या अजून सरळ आहेत.