दुसऱ्याची आजी

आपल्याला कुणाचा हेवा वाटत नाही, असं अरुणा स्वतःच सांगायची. सतरा वर्षं बहारीनमध्ये, बँकेत नोकरी, जनाबियाच्या श्रीमंत वस्तीत घर; हेवा करायचा तर लोकांनी, तिनं कशाला? पण फेब्रुवारीत तिची आर्या सायकलवरून पडली, डोक्याला मार लागून तिचं बोलणंच गेलं, आणि थेरपी सेंटरच्या बाकावर बसून बसून बाईंना हेव्याची अशी चटक लागली की विचारू नका!

हेवा पिलारचा. ही कोलंबियाची. नवरा अस्करला, ॲल्युमिनियमच्या कारखान्यात. मुलगा एमिलियो आर्याएवढाच, नऊ वर्षांचा; गाडीच्या अपघातात त्याच्याही मेंदूला इजा झालेली. दुखणं तेच, पण थाट बघा! पिलारची आई पार कोलंबियाहून येऊन राहिलेली. शेजारणी, चर्चमधल्या बाया, रोज कुणीतरी डबा घेऊन हजर. थेरपिस्ट स्वप्नालीनं त्या सगळ्यांना आत बोलावून व्यायाम शिकवलेले. एमिलियो वाक्यं बोलायला लागला आणि आर्या अजून चार शब्दांवरच.

"काय मेली जत्रा भरवलीय!" अरुणा चरफडायची.

तिच्याकडे कुणी नव्हतं, कारण तिनंच कुणाला कळू दिलं नव्हतं. साताऱ्याला आईला सांगितलं, आर्याच्या परीक्षा चालल्यात, फोनवर येत नाही. तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगितलं, पुण्याला गेलीय. डोक्याला लागलं म्हटलं की लोक डोक्यावर परिणाम झाला म्हणणार, हे तिला पक्कं ठाऊक. नवरा सदानंद म्हणायचा, "सांगूया गं आता." हिनं डोळे वटारले की विषय खलास. तीन महिने झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्यात पिलारची आई आर्यालाही सोडेना. शेजारी बसवून तिचे केस विंचरायची, वेण्या घालायची, आपल्या भाषेत बडबडायची. अरुणाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. स्वतःचा नातू आहे ना, मग माझी पोर कशाला? पण तेवढा वेळ आर्या शांत बसायची, म्हणून बोलता येईना.

त्या मंगळवारी स्वप्नालीनं घरच्या माणसांचे फोटो मागवले. ओळखून नावं सांगायची. अरुणानं आपल्या आईचा फोटो पुढे ठेवला. आर्यानं तो पाहिला आणि मान फिरवली. पुन्हा दाखवला, तरी गप्प. तेवढ्यात काचेपलीकडून पिलारची आई हातातला कंगवा हलवत गेली. आर्यानं बोट दाखवलं.

"आजी," ती म्हणाली. अगदी स्पष्ट.

"मॅडम, नवा शब्द!" स्वप्नालीनं टाळ्या वाजवल्या.

अरुणाला वाटलं, जाऊन तो कंगवा हिसकावून घ्यावा. तो शब्द माझ्या आईचा! दर रविवारी फोनवर गोष्टी सांगून सांगून आईनं तो पोरीच्या तोंडी बसवला, आणि मिळाला कुणाला! मग तिला आठवलं, ते रविवारचे फोन बंद कुणी केले. ती बाहेर आली आणि तिनं साताऱ्याला फोन लावला.

"काय गं, संपल्या का परीक्षा?" आईनं विचारलं.

"परीक्षा नव्हत्याच, आई. आर्या पडली. डोक्याला लागलंय तिच्या." अरुणाला रडू फुटलं. "मी व्हिसा काढते, तू ये. आणि तुझा कंगवा घेऊन ये. इथं दुसरीच बाई माझ्या पोरीच्या वेण्या घालतेय."