खोडलेली दोन वाक्यं

एका बाईची वाट मी बंद केली. दगडी गडगा तिच्या दिरानं घातलान्, पण त्यावरचा शेवटचा चिरा ठेवला मी. विधी महाविद्यालयात दाव्याचा मसुदा कसा लिहावा हे शिकवणाऱ्या प्राध्यापिकेनं.

तेव्हा काय दिमाख माझा! कडक इस्त्रीची साडी, नाकावर चष्मा, आणि एका वाक्यात अख्खं पान बसवायची हौस. पूर्णविराम दिला तर जणू पगार कापतील. पोरं माना डोलवायची, मला वाटायचं भारावलीत. पेंगत होती मेली.

ही बाई पाली गावाकडच्या एका वाडीतली. आमच्या मोफत सल्ला केंद्रात आली. घराकडून विहिरीवर उतरणारी पायऱ्यांची पाखाडी दिरानं अडवलेली. डोक्यावर हंडे घेऊन तिला उन्हात उघड्या कातळाच्या सड्याला वळसा घालावा लागे. वाट मोकळी व्हावी, एवढंच मागणं. बोलली भरभरून. मी तिचा मसुदा वर्गासाठी नमुना म्हणून केला. तिची दोन वाक्यं 'अगदीच घरगुती' म्हणून लाल पेनानं खोडली आणि ठोकून दिलं: 'वादी ही सदर वाटेचा अनादी कालापासून निर्वेध उपभोग घेत आलेली आहे.' अनादी काल! पन्नाशीची बाई ती.

तोच मसुदा कोर्टात दाखल झाला. उलटतपासात समोरच्या वकिलानं तेच वाक्य वाचून तिला अर्थ विचारला. तिला कुठला ठाऊक! मग धीर करून आपलं खोडलेलं सांगू लागली, तर तो उठलाच, "साहेब, हे दाव्यात कुठंच नाही." दाव्यात नाही ते पुराव्यात चालत नाही, हे मीच वर्गात घोकून घेत असे. दावा फेटाळला गेला.

आता निवृत्त झाले, नातवंडं झाली, तरी व्याख्यानाला बोलावतात आणि पोरं विचारतात, "मॅडम, फॉरमॅट मिळेल का?" फॉरमॅट! डोकंच फिरतं माझं. परवा एकीचा मोबाईल हिसकावला. त्यात आयता मसुदा, आणि मसुद्यात तोच माझा अनादी काल. अगं, बाई समोर बसून बोलतेय, तिच्याकडे बघ की! ओरडले, पाणी प्यायले, पुन्हा ओरडले. ती इस्त्रीच्या साडीतली शहाणी सापडली असती, तर तिच्या तर कानाखालीच काढली असती.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी तिला अपिलाचं काहीबाही सांगत होते. तिनं सगळं ऐकून घेतलंन् आणि म्हणाली,

"बाय, माज्या सासऱ्याला मेल्यावर त्याच वाटेनं खाली नेला. फुडचा खांदा ह्याच दिराचा होता. सांगितलं होतं ना मी तुमाला? मग लिवलंत का नाय?"