आमच्याकडून बरोबर येतंय

आमचे हे, तिरुमलराव, वीज खात्यात होते. नोकरीभर त्यांनी एकच वाक्य म्हटलं आणि त्याच वाक्यावर बढत्या मिळवल्या : "आमच्याकडून बरोबर येतंय, तुमच्या घरातलं वायरिंग बघा." म्हैसूरच्या नजरबादचे लोक बिचारे सांगायचे, साहेब, संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की आमचा पंखा रडतो, तेव्हा या. हे दुपारी जेवून, सावलीसावलीनं जायचे, मीटर लावायचे आणि सगळं ठीक असल्याचं सांगून यायचे. भर दुपारी दिवे लावतंय कोण?

मी निपाणीची, मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन इथं चामराजपुरमला आले तेव्हा यांच्या घरचं कानडी मिसळलेलं मराठी मला अर्धंच समजायचं. कमी व्होल्टेज म्हणजे काय ते मात्र लगेच समजलं, कारण तक्रारवाले घरीही यायचे आणि चहा मी करायची.

निवृत्त झाल्यावर तक्रारी बंद झाल्या. यांना करमेना. गेल्या आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, सगळं म्हैसूर गाड्या धूत होतं, हार घालत होतं, चाकाखाली लिंबं ठेवत होतं. आम्हीही ठेवली. पण यांचं तेवढ्यानं कुठलं भागतंय! गाडीत पुढे चामुंडीची छोटी मूर्ती आहे, तिच्याभोवती दिव्यांची माळ आणि स्तोत्र म्हणणारी डबी बसवायची ठरली. डोकं आत, पाय बाहेर, अशा अवस्थेत यांनी स्वतः वायरिंग केलं.

"चावी फिरवली की देवी उजळते, चावी काढली की विझते. नोडु, बघ, याला म्हणतात काम!"

"देवीला निरांजन पुरतं हो," मी म्हटलं.

"सुम्निरु, गप्प बस. तुला काय कळतं त्यातलं?"

नाहीच कळत. मी वात वळायला बसले.

चार-आठ दिवसांत गाडीत एअरबॅगचा लाल दिवा लागला आणि विझेना. आमची सून ऋचा पुण्याची. गाडीबरोबर येणारं पुस्तक खरोखर वाचणारी बाई मी तिच्या रूपानं पहिल्यांदा पाहिली. ती म्हणाली, "बाबा, हा दिवा आहे तोवर अपघातात एअरबॅग उघडेल याचा भरवसा नाही. तो जाईपर्यंत पावनी या गाडीत बसणार नाही."

पावनी आमची नात. तिला सकाळी शाळेत सोडणं हे यांनी आयुष्यात वेळेवर केलेलं एकमेव काम. आता तिला व्हॅन न्यायला लागली. हे चावी मुठीत धरून फाटकाशी उभे राहायचे, आणि व्हॅन गेली की रिकामी गाडी पुसत बसायचे. जेवताना ताटात अर्धा भात तसाच राहायचा.

हिनकलला भुवनचं गॅरेज आहे. भुवन भाविक माणूस. गाडीला हात लावण्याआधी त्यानं चप्पल काढली, देवीची वायर सोडवली, तिला दोन्ही हातांनी नेऊन आपल्या देवघराच्या फळीवर ठेवलं, उदबत्ती लावली. मग स्कॅनर जोडला.

"सार, एअरबॅगच्या युनिटला व्होल्टेज कमी पोचलं अशी नोंद आहे. पण आत्ता बघा, बारा. बरोबर येतंय." त्यानं नोंद पुसली, दिवा गेला, देवी सन्मानानं परत जागेवर बसली, वायर जोडली. आम्ही चामराजपुरमला पोचेपर्यंत दिवा हजर.

दुसऱ्यांदा तेच. यांचा तोल गेला. "अरे, दिवा रस्त्यात लागतो आणि तू इथं मोजतोस!"

"आमच्याकडे बरोबर दिसतंय सार. मी काय करू?"

मागच्या सीटवर बसून मी देवीचं नाव घेत होते, म्हणून हसले नाही. म्हटलं, "अहो, नजरबादचे लोक संध्याकाळी या म्हणायचे ना? सगळे दिवे लागलेले असताना?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग फळीवरच्या देवीकडे. चेहरा उतरला.

"भुवन," ते हळूच म्हणाले, "देवीला आत बसव. दिवे लाव. मग मोज."

"देवीसमोर हत्यारं चालवू, सार?"

"मग आयुधपूजा कशासाठी करतोस बाबा?" मी म्हटलं. "चालव. तिला मी सांगते."

देवी आत, माळ लागली, स्तोत्र सुरू. स्कॅनरच्या पडद्यावर साडेआठ. माळेची वायर काढली, बारा. लावली, साडेआठ. भुवननं बॅटरी सोडवून खालचं झाकण उघडलं. एअरबॅगकडे जाणारी वायर मध्येच कापलेली, पीळ मारून माळेची वायर त्यात गुंफलेली, वर चिकटपट्टी.

"अय्यो! कुठल्या गाढवानं..." भुवन म्हणाला, आणि सारांचं तोंड बघून उरलेलं वाक्य त्यानं गिळलं.

जोड नीट करून घेतला. देवीची वायर मात्र परत जोडली नाही.

दुसऱ्या दिवशी ऋचानं स्वतः चावी फिरवली. लाल दिवा लागला आणि शहाण्यासारखा विझला. "काय झालं होतं, बाबा?"

हे खाकरले. "वायरिंग आपल्याच घरचं होतं. मीच केलेलं."

नजरबादची अर्धी माणसं हे ऐकायला हवी होती. ऋचानं पावनीला मागे बसवून पट्टा लावला. मी देवीला मल्लिगेचं, म्हणजे मोगऱ्याचं फूल वाहिलं. माळेविना ती मला जास्त प्रसन्न वाटली.

संध्याकाळी हे कट्ट्यावर शेजारच्या शंभूरावांना सांगत होते, "माळ लावून मोजायचं शेवटी मीच सुचवलं. त्या पोराला कुठलं सुचतंय!"

मी आत देवघरात निरांजन लावत होते. देवीला म्हटलं, ऐकतेयस ना ग बाई, ऐक.