बेलाला मराठी कळत नाही

नागम्मा आत्या गेली, हे धाकट्या भावाने उदगीरहून फोनवर सांगितलं तेव्हा मी नांदेडला सकाळचा चहा घेत होतो. रडून झाल्यावर तो म्हणाला, "दादा, तिची मंगळारती कोन म्हननार?" जाताना आपली आरती कन्नडमध्ये व्हावी, एवढं एकच आत्याने मागितलं होतं आणि ती येणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

लहानपणी मात्र सोमवारची मंगळारती आमच्या लिंगायत मठात आत्याच सांगायची. आवाज खणखणीत, आणि कुणी चुकलं की आरती न थांबवता डोळ्यांनीच झापायची. बहात्तरच्या दुष्काळात हंडाभर पाण्यासाठी आम्ही मैलभर जायचो, तरी लिंगपूजेचं उरलेलं पाणी ती अंगणातल्या बेलालाच घालायची. वर लाडाने म्हणायची, "कुडी, मगा, कुडी." पी लेकरा, पी. आम्हाला ताक देतानाही हेच. आमचा बाजार मराठीत, पाढे मराठीत, भांडणंसुद्धा मराठीतच. कन्नड फक्त देवापुढे आणि आत्याच्या तोंडी होतं.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला, मी तिथल्या नव्या कचेरीत लागलो आणि त्याच सुमारास मठात नवे स्वामी आले. माणूस प्रेमळ. ते आत्याला म्हणाले, "माय, पोरांना कन्नड समजंना झालंय. देवाला सगळ्या भाषा कळतात. आता मराठीत म्हनू." आत्याने हात जोडले. माझंच डोकं फिरलं. "तू काहीच कशी बोलली नाहीस?" तर म्हणाली, "गुरूनं सांगितल्यावर काय बोलू? आन् मठ कसा भरलाय बघ की. रिकाम्या मठात कुनाला ऐकवू?" मठ खरंच भरला होता. तीही मराठी आरती पाठ करून मागे बसून म्हणू लागली. देवापुढून उठलेल्या कन्नडला मग बसायला दुसरी जागाच राहिली नाही. बेलाशी मात्र ती तशीच बोलायची. मी एकदा चिडवलं, "आता त्यालाबी मराठीत सांग की." आत्या तांब्या ठेवून म्हणाली, "देवाला कळतंय रे समदं. बेलाला न्हाई कळत मराठी."

फोन आला त्याच दिवशी संध्याकाळी उदगीरला तिला समाधीत बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं, भस्म लावलं. आरती मराठीत झाली, छान झाली, पोरांनी सुरात म्हटली. मला चाल आठवत होती, शब्द एकही नाही… मी नुसता उभा राहिलो. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

परवा पुन्हा उदगीरला गेलो. बेलाची पानं उन्हाने मलूल झाली होती. आत्याचा पितळी तांब्या ओट्यावरच होता. भरला आणि बुंध्याशी ओतू लागलो. "कुडी, मगा, कुडी…" तोंडातून आपसूक गेलं. भावाची नात पायरीवरून बघत होती. "आजोबा, काय म्हनलाव त्याला? मराठीत सांगा की."

"त्याला न्हाई कळत," मी म्हणालो आणि तांब्या तिच्या हातात दिला. "तू म्हन."